बाकावरून कोच होता येतं का?

प्रश्न: सर, मी २६ वर्षांचा आहे. जिल्हा संघात दोन वर्षं होतो, पण बहुतेक वेळ बाकावरच. आता अंबडला नोकरी करतो आणि रविवारी सोसायटीतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. कोचिंगचा परवाना काढायचा विचार आहे. वडील म्हणतात, "तू स्वतः काय दिवे लावलेस, ते दुसऱ्याला शिकवणार?" मोठं नाव नसलेल्या खेळाडूने या वाटेला जावं का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: वडिलांचं वाक्य ओळखीचं आहे. आमच्याही घरी तेच होतं. सातपूरच्या एका कारखान्याच्या संघात मी गोलकीपर होतो, खरं सांगायचं तर दुसरा गोलकीपर. तीन मोसम ट्रॅकसूट घालून पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या.

फुटबॉल कोच ओवेन कॉइलचं नाव ऐकलं असशील. जन्म १९६६चा, स्कॉटलंडमधल्या पेझ्लीचा. डम्बार्टन, क्लाइडबँक, एअरड्री, बोल्टन, डंडी युनायटेड, मदरवेल... क्लब मोजता मोजता बोटं संपतात. आंतरराष्ट्रीय सामना आयुष्यात एकच, तोही आयर्लंडकडून, १९९४ मध्ये नेदरलँड्सविरुद्ध, आणि उतरला बदली म्हणून. तुझ्या वडिलांनी त्यालाही विचारलं असतं, काय दिवे लावलेस?

एक दिवा मात्र लावला होता. मे १९९५, लंडनचं वेम्बली मैदान, इंग्लंडच्या सर्वांत वरच्या साखळीत जाण्यासाठीचा निर्णायक (प्लेऑफचा) अंतिम सामना, समोर रीडिंगचा संघ. बोल्टन ०-२ मागे आणि त्यातच रीडिंगला पेनल्टी. बोल्टनच्या ब्रॅनगनने ती अडवली. (मी गोलकीपर, मला आधी तोच आठवणार!) पंचाहत्तराव्या मिनिटाला कॉइलने पहिला गोल फेडला. जादा वेळेत बोल्टन ४-३ जिंकलं.

कोच म्हणून त्याचं नाव झालं ते बर्नलीत. गाव एवढंसं, आपल्या सिडकोतच त्याहून जास्त माणसं राहत असतील. २००९ मध्ये त्याने त्या क्लबला ३३ वर्षांनी वरच्या साखळीत नेलं, आणि तिथल्या घरच्या पहिल्याच सामन्यात मँचेस्टर युनायटेडला १-०ने हरवलं. पुढे जानेवारीत, मोसम अर्धा असताना, हा गडी बोल्टनला निघून गेला. ज्यांनी देव्हाऱ्यात बसवलं होतं त्यांनीच शिव्या घातल्या. मला विचारशील तर त्या शिव्या रास्त होत्या. बोल्टन २०१२ मध्ये खाली घसरलं, त्याच वर्षी नोकरीही गेली. मग विगन, ह्यूस्टन, ब्लॅकबर्न, रॉस काउंटी. कुठेच फार टिकला नाही.

आणि डिसेंबर २०१९ मध्ये तो आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगमध्ये, चेन्नईच्या संघाचा कोच म्हणून आला. संघ तळाशी लोळत होता. अर्ध्या मोसमात त्याने तो अंतिम सामन्यापर्यंत नेला. उपांत्य फेरीत गोव्याला दोन सामने मिळून ६-५ने काढलं. अंतिम सामना गोव्यातल्या फातोर्ड्याला, मार्च २०२०, करोनामुळे गॅलऱ्या रिकाम्या. मी टीव्हीवर पाहिला, चेंडूला लाथ बसल्याचा आवाज खणखणीत येत होता. चेन्नई १-३ हरली. मग जमशेदपूर. २०२१-२२ मध्ये २० सामन्यांत ४३ गुण आणि लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिला येणाऱ्याची ढाल, क्लबचा पहिला मोठा करंडक. त्यानंतरच्या उपांत्य फेरीत मात्र केरळने बाहेर काढलं.

एवढ्या ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या माणसाला कोण रुसलंय, कोणाचा घोटा दुखतोय, कोणाला नुसतं "तू आज सुरुवातीपासून खेळतोयस" एवढंच ऐकायचंय, हे न सांगता कळत असावं. हा माझा अंदाज. पण दुसऱ्या गोलकीपरचा अंदाज आहे, सहज उडवून लावू नकोस.

परवान्याचं म्हणशील तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे वर्ग पायरीपायरीने असतात: डी, सी, बी, ए आणि मग प्रो. डी पोरांना शिकवणाऱ्यांसाठीच आहे, तुला तिथूनच सुरुवात. नोकरी सोडू नकोस, वर्गापुरती रजा टाक. वडिलांशी वाद घालू नकोस, एका रविवारी त्यांना सोबत ने. सोसायटीतला जो पोरगा नेहमी बाहेर बसतो त्याला त्या दिवशी आधी उतरव, आणि वडिलांना त्याच्या आईशेजारी उभं कर.

शिकवण्याचा सराव हवा असेल तर त्र्यंबक रोडच्या गोल्फ क्लब मैदानावर ये. साडेसहाला मी असतो. क्रिकेटवाले यायच्या आत आपला कोपरा धरावा लागतो. येताना फक्कीची पिशवी आण, आमची पावसात भिजून दगड झाली आहे.