यूएसडीटीने ई-सिम घेतोस? आधी हे पाह्य

भाऊ, विदेशात नेट चालवायला ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) यूएसडीटीने, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टो नाण्याने घेणार असशील, तर नागपूरच्या सोनेगावहून विमान पकडायच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नको. चार दिवस आधी घे. फोनवर स्टार हॅश ०६ हॅश दाब. ईआयडी नावाचा लांब नंबर दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे.

खरा घोळ नेटवर्कचा. यूएसडीटी नाव एकच, पण ते ट्रॉन नावाच्या क्रिप्टो जाळ्यावरही चालते अन् इथेरियम नावाच्या दुसऱ्या जाळ्यावरही. ट्रॉनचा पत्ता (ज्यावर पैसे पाठवायचे तो कोड) 'टी'पासून सुरू होतो, इथेरियमचा '०एक्स'पासून. विकणाऱ्याने ट्रॉन मागितले अन् तू दुसऱ्याच जाळ्यावरून पाठवले, तर पैसे परत येतील याची आशा कमीच ठेव. ट्रॉनवर फीसाठी टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं नाणंही लागते. माझ्या वॉलेटमध्ये (क्रिप्टो ठेवायच्या ॲपमध्ये) यूएसडीटी भरपूर, टीआरएक्स शून्य! बर्डीवर संत्र्याचा ज्यूस गरम होईस्तोवर मी तिथेच डोकं खाजवत बसलो होतो. ई-सिमच्या बिलाची मुदतही तेवढ्यात संपली. एक्स्चेंजवरून (क्रिप्टो विकत मिळते त्या ॲपवरून) थेट पाठवशील, तर त्यांची फी कापून नेमकी रक्कम पोचते का, तेही बघ. थोडी कमी पडली तरी ऑर्डर अडकते.

टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाकडून स्वस्त यूएसडीटी बिलकुल नको. त्याचा पैसा फसवणुकीचा निघाला, तर बँकेचं खातं तुझं गोठते. खर्च केलेल्या यूएसडीटीवर नफा झाला असेल, तर ३० टक्के कर लागतो, म्हणून नोंद ठेव.

अन् ओटीपीसाठी आपलं नेहमीचं सिम चालू ठेव, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद कर. एकाच छोट्या पॅकसाठी असेल, तर खरं सांगू? कार्डानेच भर.