वाचकांचे प्रश्न : घरातला बल्ब आणि ट्रेमधली मेथी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं घरातल्या रॅकवर एलईडी बल्ब लावून पालेभाजी आणि रोपं वाढवण्याबद्दल आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र दिली आहेत.

आमच्या फ्लॅटमध्ये ऊन अजिबात येत नाही. ६० × ३० सेंमीच्या लोखंडी रॅकच्या एका कप्प्यात मेथी, कोथिंबीर, मोहरीचे कोंब घ्यायचे आहेत. ९ वॅटचे नेहमीचे बल्ब चालतील का? किती लागतील, आणि जोडायचे कसे? (डोंबिवली)

चालतील. चार बल्ब घ्या. वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो ते. उजेड कळतो ल्यूमेनवरून, आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. बऱ्या ९ वॅटच्या बल्बवर ९०० च्या आसपास लिहिलेलं असतं. ७०० असेल तर तो परत ठेवा.

आता हिशेब. चार बल्बांचे मिळून ३,६०० ल्यूमेन. बाजूंना पांढरे पत्रे लावले, तरी त्यातला साधारण दोन तृतीयांश, म्हणजे २,४०० ल्यूमेन पानांपर्यंत पोचतो असं धरा. कप्प्याचं क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर आहे. २,४०० भागिले ०.१८, म्हणजे पानांवर सुमारे १३,००० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन). रोज १४ तास दिवे ठेवले तर मेथी, मोहरी, मुळ्याचे कोंब, कोथिंबीर, पालक यांना तेवढं पुरतं. दिवाणखान्यात रात्री १०० ते ३०० लक्स असतात आणि तरी आपल्याला खोली लख्ख वाटते. उलट दुपारच्या उघड्या उन्हात एक लाखाच्या आसपास. या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये. फोनमध्ये लक्स मोजणारं ॲप घ्या, फोन पानांच्या उंचीवर उताणा ठेवा आणि कप्प्यात आठ-नऊ ठिकाणी मोजा. आकडा अचूक नसतो, पण मधे १४,००० आणि कोपऱ्यात ५,००० आले की कुठे कमी पडतंय ते दिसतं.

बल्ब ६,५०० केल्विनचे, म्हणजे दुकानात ‘कूल डे लाइट’ म्हणतात ते घ्या. त्यांत निळा भाग जास्त असतो, त्यामुळे रोप बुटकं आणि दणकट राहतं. चारांतला एक ३,००० केल्विनचा पिवळसर घेतलात तरी बिघडत नाही.

१२ मि.मी. प्लायवूडची ६० × ३० सेंमीची फळी कापून खालच्या बाजूला मॅट पांढरा रंग द्या. फळीचे चार सारखे भाग कल्पून प्रत्येकाच्या मधोमध, पण कडेकडे थोडा सरकवून, एकेक बॅटन होल्डर (फळीवर स्क्रूने बसतो तो) बसवा. बल्बचं तोंड सरळ खाली. सीएफएल आडवे लावायची पद्धत होती, कारण त्यांची नळी कडेने उजेड टाके. एलईडी बल्बचा बहुतेक उजेड टोकाकडून येतो, त्यामुळे आडवा लावला तर अर्धा भिंतीवर जातो.

जोडणी समांतर हवी. फेजची वायर प्रत्येक होल्डरच्या एका स्क्रूला, न्यूट्रल दुसऱ्याला, असं एका होल्डरवरून पुढच्यावर लूप नेत जायचं. काही जण दिव्यांच्या माळेसारखे एकामागोमाग एक जोडतात, मग बल्ब लुकलुकतात किंवा पेटतच नाहीत. वायर तांब्याची, १ चौरस मि.मी.ची, तीन पदरी घ्या. चार बल्ब अँपिअरच्या पाचव्या भागाएवढाही करंट घेत नाहीत, तेव्हा जाडी करंटसाठी नाही, ओढाताणीत तुटू नये म्हणून. तिसरी, हिरवी वायर रॅकच्या लोखंडाला नटबोल्टने घट्ट आवळा आणि तीन पिनांच्या प्लगच्या मोठ्या पिनेला जोडा. ओली माती आणि लोखंड एकत्र असताना अर्थिंग वगळू नका. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल, तर बल्बांआधी तिचा खर्च करा. होल्डरची टोकं उघडी दिसत कामा नयेत आणि अनुभव नसेल तर जोडणी वायरमनकडून करून घ्या, तासाभराचं काम आहे.

प्लगकडे जाणारी वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन मग वर चढू द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. पाणी खालून द्या: भोकांचा ट्रे बिनभोकाच्या ट्रेमध्ये ठेवून तळाशी पाणी ओतायचं, अर्ध्या तासाने उरलेलं काढायचं. फवारणी करायचीच असेल तर दिवे बंद करून.

फळी साखळीने टांगा, स्क्रूने पक्की करू नका. बल्बच्या टोकापासून पानांपर्यंत १२ ते १५ सेंमी अंतर हवं आणि रोप वाढेल तसं ते बदलतं. बल्ब ३० सेंमी वर गेला की उजेड पसरतो आणि पानांच्या वाट्याला निम्म्याहून कमी येतो. पत्रांमधल्या बहुतेक तक्रारींचं मूळ याच अंतरात आहे, बल्बच्या कंपनीत नाही.

वीज ३६ वॅट गुणिले १४ तास, म्हणजे रोज अर्धं युनिट, महिन्याला १५. चोवीस तासांचा साधा यांत्रिक टायमर लावून टाका.

मेथीपासून सुरुवात करा. दोन-तीन दिवसांत उगवते आणि बाजारातल्या समुद्रमेथीसारखी कोवळी जुडी दोन आठवड्यांच्या आत हाती येते. धने मात्र रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा. आठ-दहा दिवस काहीच दिसलं नाही तरी ट्रे उपसू नका.

बल्बचं पांढरं झाकण काढलं तर उजेड वाढतो असं ऐकलं. काढू का? (नाशिक)

वाढतो, थोडासा. तरी काढू नका. झाकणाखालच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर उजेड देणाऱ्या चिप्स असतात आणि बहुतेक स्वस्त बल्बांत ड्रायव्हर, म्हणजे चिप्सना वीज पुरवणारं सर्किट, घरच्या विजेपासून वेगळा केलेला नसतो. म्हणजे त्या चिप्सच्या सोल्डरच्या टाक्यांवर २३० व्होल्टच्या लाइनचा थेट संबंध येतो. ते उघडं ठेवून खाली ओल्या हातांनी ट्रे उचलायचे हा सौदा परवडणारा नाही. जो उजेड हवा तो बल्ब पाच सेंमी खाली आणून मिळतो, फुकट.

काळा ठिपका पडलेली चिप शॉर्ट करून बल्ब पुन्हा पेटवायची युक्तीही इथे नको. चिप्स एकामागे एक जोडलेल्या असतात, एक वगळली की तिचा भार उरलेल्यांवर येतो.

रॅक कपाटात बसवला, आतून सगळीकडे ॲल्युमिनियम फॉइल लावली. चार महिन्यांत तीन बल्ब गेले. शिवाय रात्री बटण बंद केल्यावरही बल्ब मिणमिणतात. (कोल्हापूर)

दोन वेगळे प्रश्न आहेत.

बल्ब उष्णतेने गेले. चिप्स सहसा आधी जात नाहीत, ड्रायव्हरमधला कपॅसिटर आधी जातो. तो १० अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. गरम हवा वर चढते आणि तुमच्या कपाटात बल्बचं बूड, म्हणजे नेमका ड्रायव्हर, वरच आहे. कपाटाच्या मागच्या फळीला वर आणि खाली पाच-पाच सेंमीची फट पाडा, वरच्या फटीवर कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा १२० मि.मी. पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा. १२ व्होल्टचा अर्धा अँपिअरचा ॲडॅप्टर त्याला पुरतो. दारही पूर्ण लावू नका. आणि फॉइल काढा. ती वीज वाहते, होल्डरजवळ सुटून लटकली तर काम तमाम. मॅट पांढरा रंग उजेड तेवढाच चांगला परतवतो आणि सगळीकडे सारखा पसरवतो.

मिणमिणण्याचं पहिलं कारण बटणातला छोटा इंडिकेटर. त्यातून झिरपणारा अगदी थोडा करंट ड्रायव्हरचा कपॅसिटर हळूहळू भरतो आणि बल्ब क्षणभर उजळतो. बिनइंडिकेटरचं बटण बसवलं की थांबतं. तरी थांबलं नाही तर बटण न्यूट्रलवर बसलंय का ते वायरमनकडून तपासून घ्या. तसं असेल तर बल्ब विझलेला दिसतो पण होल्डरमध्ये फेज जिवंत असते, आणि बल्ब बदलताना धक्का बसतो. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मोठं भोक वर धरलं तर समोरून पाहताना उजव्या भोकात फेज असायला हवी.

टोमॅटो आणि मिरचीची रोपं दोऱ्यासारखी लांब होतात आणि मग मुळाशी बारीक होऊन आडवी पडतात. (सातारा)

लांब होणं हे उजेडाचं दुखणं आणि आडवं पडणं हे ओलाव्याचं, पण एकाने दुसऱ्याची वाट सोपी होते. बी उगवून वाकलेली मान दिसली त्याच दिवशी दिवा १० सेंमीवर आणा. दोन दिवस उशीर झाला तरी देठ ताणला जातो आणि तो पुन्हा आखूड होत नाही. टोमॅटोचं लांबलेलं रोप पुनर्लावणीत बियाच्या पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरता येतं, त्या देठाला मुळं फुटतात. मिरचीत हा उपाय फारसा चालत नाही, पुन्हा पेरा.

मुळाशी काळपट बारीक होऊन पडणं म्हणजे मर हा रोग. दाट पेरणी, संध्याकाळचं पाणी आणि कोंडलेली हवा, ही तिची आवडती त्रयी. ट्रेच्या एका कप्प्यात एकच बी, पाणी सकाळी, कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये इतकंच ओलं, आणि वर सांगितलेला पंखा मंद.

दिवा १६ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. सतत उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडतात, अंधार त्याला लागतोच. शेतात किंवा गच्चीत नेण्याआधी आठवडाभर ऊन दाखवा: पहिल्या दिवशी कोवळ्या उन्हात तासभर, मग वाढवत. बल्बाखालचं रोप थेट दुपारच्या उन्हात ठेवलं की पानांवर पांढरे चट्टे उठतात.

टोमॅटोला फळही बल्बाखालीच धरवायचं असेल तर हा रॅक अपुरा आहे. दुपटीहून जास्त उजेड लागतो. ते उन्हावर सोडा.

झाडांसाठी जांभळा-गुलाबी दिवाच लागतो का? (ठाणे)

नाही. पांढऱ्या एलईडीच्या आतही निळी चिपच असते, तिच्यावरचा फॉस्फरचा पिवळा लेप बाकीचे रंग तयार करतो. तांबडा, निळा, शिवाय हिरवा, सगळे रंग पानं वापरतात. गुलाबी उजेडात पान पिवळं पडलंय की त्यावर कीड आहे, हे आपल्याला दिसत नाही, हा उलट तोटाच.

टोरंटोत घरातल्या कुंडीतला कढीपत्ता दर हिवाळ्यात पानं गाळतो. भारतातून बल्ब आणले तर? (टोरंटो)

आणू नका. तिथे वीज १२० व्होल्ट आणि होल्डर आट्यांचा, आपले पिनांचे बल्ब त्यात बसणार नाहीत. तिथलाच, १०० वॅटच्या जुन्या बल्बाइतका उजेड देणारा, सुमारे १,५०० ल्यूमेनचा एलईडी घ्या. ॲल्युमिनियमच्या घुमटाचे चिमट्याचे दिवे मिळतात, त्यांवर सीएसए किंवा सीयूएल ही तिथली सुरक्षिततेची खूण पाहा. असे दोन दिवे शेंड्यापासून २० ते २५ सेंमीवर, १४ तास. डिसेंबरात तिथे दिवसच जेमतेम नऊ तासांचा, आणि काचेतून येणारं ऊन तिरकं.

पण नुसता उजेड पुरणार नाही. कढीपत्त्याची मुळं गार पडली की झाड झोपतं. कुंडी खिडकीच्या काचेपासून आणि फरशीवरून उचला, खाली लाकडी पाट ठेवा. झोपलेल्या झाडाला पाणी कमी लागतं, वरची दोन बोटं माती सुकल्यावरच द्या. हीटरच्या कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड येते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं खालून पुसा. खत मात्र नवी पालवी फुटल्यावरच.