कॉग, प्रॉप की बोल्ट, हे सॉफ्टवेअर ठरवू शकतं का?

तुमचा प्रश्न असा की भूमिगत कोळसा खाणीत छताला कुठला आधार द्यायचा, याची तुलना करणारं फुकट सॉफ्टवेअर आहे का आणि डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी आपल्याकडच्या खाणीला ते चालेल का. आहे, आणि चालेल, पण अर्ध्याच कामासाठी.

अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने 'स्टॉप' नावाचा प्रोग्राम बनवला आहे. तो मुळात लाँगवॉलच्या (कोळशाची लांब भिंत सलग कापत जायची पद्धत) टेलगेटमधल्या, म्हणजे त्या भिंतीच्या टोकाच्या बोगद्यातल्या, उभ्या आधारांसाठी आहे: लाकडी कॉग (ठोकळे आडवे-उभे रचून केलेला खांब), प्रॉप (एकच उभा टेकू), हलकं काँक्रीट भरलेले पत्र्याचे डबे, छताला पिशवी टांगून तिच्यात ग्राउट (सिमेंटसारखं पातळ मिश्रण) भरतात ते खांब. त्यातले आकडे कंपन्यांच्या माहितीपत्रकातून उचललेले नाहीत. पिट्सबर्गजवळ ब्रूस्टनला सुमारे १,३६० टन दाब देणारा एक अवाढव्य प्रेस आहे, त्याच्याखाली पूर्ण आकाराचे आधार चिरडून ते मिळवलेले आहेत.

विद्यार्थी बहुतेक 'क्षमता किती टन' एवढंच बघतात. स्टॉप शिकण्यासारखं आहे ते याच कारणासाठी, कारण ते प्रत्येक आधाराचा भार आणि दबणं यांचा वक्र समोर ठेवतं. ग्राउटचा खांब सुरुवातीलाच जोरात भार घेतो, शिखर गाठतो आणि मग ढिला पडतो. कॉग आधी नुसताच दबतो, भार सावकाश घेतो, पण बराच खाली आला तरी उभा राहतो. लाकडी प्रॉप ताठ असतो आणि थोडं दबताच मोडतो. आता छत १०० मिमी खाली येणारच असेल, तर पहिल्या २० मिमीला मोडणारा ४० टनांचा प्रॉप काय कामाचा? म्हणून आधी कन्व्हर्जन्स, म्हणजे छत-जमीन किती जवळ येतात ते, मोजायचं, आधार निवडायचा तो त्यानंतर. सध्याच्या आधाराने छत नीट धरलं असेल, तर तोच पाया धरून 'याच्या बरोबरीला दुसरा आधार किती अंतरावर लागेल' हेही स्टॉप काढून देतं. प्रोजेक्टला मी हाच भाग घेईन.

पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बोर्ड अँड पिलर (मध्ये कोळशाचे खांब ठेवून बोगदे काढायची पद्धत) आणि मुख्य आधार रूफ बोल्ट, म्हणजे छतात भोक पाडून बसवलेल्या सळ्या. ते स्टॉपचं क्षेत्र नव्हे. बोल्टसाठी धनबादच्या सीएमआरआय या खाण संशोधन संस्थेची, म्हणजे आताच्या सिम्फरची, आरएमआर पद्धत वापरा; आरएमआर म्हणजे छताचा खडक किती चांगला याचे १०० पैकी गुण. एक्सेल पुरतं:

छताचा भार (टन प्रति चौ.मी.) = रुंदी × घनता × (१.७ − ०.०३७ × आरएमआर + ०.०००२ × आरएमआर²)

गॅलरी (बोगदा) ४.२ मीटर रुंद, खडकाची घनता २.२ टन प्रति घ.मी., आरएमआर ५० धरला तर भार येतो ३.२३. एका ओळीत ४ बोल्ट, ओळींमध्ये १.२ मीटर, प्रत्येक बोल्टची पकड समजा १० टन; म्हणजे आधार (४ × १०) ÷ (४.२ × १.२) = ७.९४ आणि सुरक्षा गुणांक जवळपास २.५. छान! आता आरएमआर ४० करून बघा. भार ४.९९ होतो आणि गुणांक १.६ वर येतो. बोल्ट तेच, ओळी त्याच.

आणि हे १० गुण कुठे जातात? थरांच्या जाडीला १०० पैकी ३० गुण आहेत. ते तुम्ही छत बघून, कोअर (ड्रिलने काढलेला खडकाचा नमुना) हाताळून देता; दोन जण क्वचितच सारखे देतात. त्यामुळे प्रोजेक्टमध्ये एकच आकडा देऊ नका, आरएमआर ५ ने वरखाली करून तिन्ही उत्तरं द्या. परीक्षक खूश होतो, हा भाग वेगळा. पकडही गृहीत धरण्यापेक्षा खाणीतल्या पुल टेस्टचा (बोल्ट ओढून पकड मोजण्याच्या चाचणीचा) आकडा मागून घ्या.

स्टॉप वापरायचंच असेल तर डिपिलरिंगमधल्या (मागे ठेवलेले कोळशाचे खांब काढतानाच्या) गोफच्या, म्हणजे कोळसा काढून झालेल्या पोकळीच्या, काठच्या कॉगसाठी वापरून बघा. फक्त तिथले लाकडाचे वक्र मुख्यतः अमेरिकन लाकडाचे आहेत. आपल्याकडच्या साल वृक्षाच्या स्लीपरला (कॉगच्या ठोकळ्यांना) ते जसेच्या तसे लावू नका. हार्डरॉक खाणीत, उदाहरणार्थ मँगनीजच्या, पाचराच्या आकाराचे दगड सुटतात, तिथे 'अनवेज' हे सॉफ्टवेअर बघा, पण त्याला पैसे मोजावे लागतात.