वाचकांचे प्रश्न: पाळी जाताना चिनी काढे घ्यावेत का?

प्रश्न: मी मूळची सांगलीची, लग्नानंतर सिंगापूरला आले. वय 48. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी येते. दिवसातून कितीतरी वेळा छातीपासून वर एकदम आग आग होते आणि रात्री गाऊन पिळून काढावा इतका घाम, झोप नाही म्हणून सगळ्यांवर चिडचिड. बीपीची गोळी चालू आहे. गायनॅक हॉर्मोन्स घ्या म्हणतात पण मला भीती वाटते. शेजारच्या चिनी काकू म्हणतात आमच्या डॉक्टरांकडे चल, काढ्याने बरं वाटेल, आणि त्यांनी वूजी पायफेंगच्या गोळ्यांची बाटलीपण आणून दिलीय. घेऊ का? आमच्याकडे अंडंही चालत नाही.

उत्तर: ताई, ती बाटली प्रेमाने परत करा. त्या गोळ्या चिनी घरांत बायकांसाठी पिढ्यानपिढ्या चालत आल्यात, पण त्यात काळ्या हाडाची कोंबडी असते आणि पारंपरिक कृतीत हरणाच्या शिंगाचा डिंक, कासवाचं कवच असंही काय काय. काकूंच्या चिनी डॉक्टरांकडे गेलात तरी पहिल्यांदा हेच सांगा की मी पूर्ण शाकाहारी आहे, कारण चिनी औषधांत प्राणिज गोष्टी खूप असतात आणि तुम्ही विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

आता काढ्याचं. चिनी वैद्यकाच्या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या ग्रंथात बाईचं आयुष्य सातासातात मोजलंय, सातव्या वर्षी दुधाचे दात पडतात, चौदाव्या वर्षी पाळी येते आणि सात साते एकोणपन्नासला ती थांबते. म्हणजे हा आजार नाही, किडनीची शक्ती उतरत जाते असं ते मानतात (किडनी म्हणजे आपल्या रिपोर्टातली नव्हे हं, त्यांची कल्पना वेगळी आहे, क्रिएटिनिन नॉर्मल आलं तरी ते किडनी कमजोर म्हणतील, घाबरू नका). थंडावा देणारं यिन कमी पडलं की आग आणि रात्रीचा घाम, ऊब देणारं यांग कमी पडलं की हातपाय गार आणि थकवा. म्हणून डॉक्टर जीभ बघतात, दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून नाडी बघतात आणि मग औषध ठरतं, तुमच्या काकूंना लागू पडलं तेच तुम्हाला मिळेल असं नाही.

त्यातलं एक नावाजलेलं औषध म्हणजे अर श्येन थांग, हे जुन्या पोथीतलं नाही, 1950 च्या दशकात शांघायमध्ये खास याच त्रासासाठी तयार झालेलं. सहा वनस्पती, त्यात एक चक्क आपली काळी मुसळी. अर झ या दुसऱ्या औषधात दोनच गोष्टी, त्यातली एक म्हणजे माका, तोच जो आपण केसांच्या तेलात घालतो. आणि मन हळवं झालंय, उगाच रडू येतंय अशा बायकांना देतात तो काढा फक्त गहू, ज्येष्ठमध आणि चिनी बोरं यांचा. वाचून वाटेल हे तर घरीच करता येईल, पण तुम्ही करू नका, तुम्हाला बीपी आहे ना. ज्येष्ठमध रोज आणि जास्त पोटात गेलं की शरीरात पाणी धरून राहतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. गोड आहे, घरगुती आहे म्हणून त्याच्याकडे कुणी संशयाने बघतच नाही.

गुण येतो का, तर खरं सांगते. 2016 साली कॉक्रेनने (औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) 22 चाचण्या, जवळपास 2,900 बायका यांचा एकत्र आढावा घेतला, आणि नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा (जिच्यात औषधच नसतं) किंवा हॉर्मोन्सपेक्षा हे काढे सरस आहेत असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही, सुरक्षिततेबद्दलही ठाम काही निघालं नाही. काही बायकांना बरं वाटतं हेही खरंच, पण हॉट फ्लॅशेस, म्हणजे तुमची ती आग आग, दिखाऊ गोळीनेसुद्धा बऱ्यापैकी कमी होतात आणि काळाने आपोआपही उतरतात.

म्हणून माझं मत, आधी गायनॅककडे परत जा आणि भीती नेमकी कशाची आहे ते मोकळेपणाने बोला. हॉट फ्लॅशेसवर हॉर्मोन्सइतकं हमखास दुसरं काही नाही, आणि ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, लिव्हरचा आजार असं काही नाही त्यांना साठीच्या आत सुरू केले तर सहसा फायदाच जास्त. नकोच असतील तर बिनहॉर्मोनच्या गोळ्याही आहेत. एवढं करूनही काढा घ्यावासा वाटला तर तुम्ही सिंगापूरला आहात हे चांगलं आहे, तिथे 2000 च्या कायद्याने चिनी वैद्यांना रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, त्यांच्या सरकारी बोर्डाच्या यादीत नाव बघून जा. बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्या, औषधांची यादी लिहून मागा आणि ती गायनॅकना दाखवा. तीन महिन्यांत काही फरक नाही तर सोडून द्या.

प्रश्न: मी पुण्याची, वय 52. हॉट फ्लॅशेससाठी ऑनलाइन डाँग क्वाई या चिनी मुळीच्या कॅप्सूल मागवल्यात, नॅचरल आहेत असं लिहिलंय. हार्टची व्हॉल्व्ह बदललीय म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. चालेल ना?

उत्तर: नाही, अजिबात नाही, फोडल्या असतील तर आजच बंद करा. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर डाँग क्वाई घेतल्याने आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) वाढल्याच्या नोंदी आहेत, तुमची गोळी ॲसिट्रोम असली तरी ती त्याच जातीची. कॅप्सूल घेऊन झाल्या असतील तर आयएनआर लगेच करून घ्या आणि हार्टच्या डॉक्टरांना फोन करून सांगा, ते ओरडतील म्हणून लपवू नका. आणि एवढं करून फायदा तरी काय, 1997 मध्ये अमेरिकेत 71 बायकांना 24 आठवडे एकटं डाँग क्वाई देऊन बघितलं, दिखाऊ गोळीपेक्षा काहीही जास्त झालं नाही. चिनी वैद्य त्यावर म्हणाले की आम्ही ते एकटं कधी देतच नाही, पाचसहा गोष्टींत मिसळून देतो, आणि हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, म्हणजे एकट्या कॅप्सूलला त्यांच्या परंपरेचाही आधार नाही. पाकिटावर एक आणि आत दुसरंच असा धोकाही असतो. 1990 च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी दुसरीच विषारी मुळी गेली आणि शंभराहून जास्त जणांच्या, बहुतेक बायकाच, किडन्या खराब झाल्या. तीपण नॅचरलच होती.

प्रश्न: पाळी जाऊन दीड वर्ष झालं. मुलीने मलेशियाहून काढ्याची पाकिटं आणली, महिनाभर घेतेय, आता थोडं स्पॉटिंग दिसलं. काढा गरम पडला असेल का?

उत्तर: गरम-थंड राहू द्या. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी या आठवड्यात गायनॅककडे जायचं. सोनोग्राफी करून पिशवीच्या अस्तराची जाडी बघतात, गरज वाटली तर छोटा तुकडा तपासायला पाठवतात. बहुतेकदा कारण साधंच निघतं पण कॅन्सर असेल तर तो याच वेळी सापडला पाहिजे. काढा बंद करा, रिकामी पाकिटं फेकू नका, चिनीत लिहिलेलं असलं तरी तशीच सोबत न्या.