मासेमारी बंद केल्यामुळे चीनमधल्या यांगत्से नदीतले पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे छोटे सस्तन प्राणी) वाढले, की नदी स्वच्छ झाल्यामुळे?

मासे. प्रदूषण, जहाजं, वाळूउपसा यातलं काही खोटं नाही, पण छोटा मासा नसलेल्या पाण्यात हा प्राणी राहत नाही, मग ते पाणी कितीही नितळ असो.

मी मालवणकडचा, घरी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं). कामानिमित्त यांगत्सेकाठच्या नानजिंग शहरात होतो तेव्हा एका सहकाऱ्याचे वडील मला नदीकाठी घेऊन गेले. जन्मभर यांगत्सेवर मासेमारी केलेला माणूस. 1 जानेवारी 2021 ला दहा वर्षांची बंदी लागू झाली आणि त्यांची बोट सरकारजमा झाली. अशा लाखाहून जास्त बोटी गेल्या, दोन लाखांवर मच्छीमारांचा धंदा सुटला. मला वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी हात केला तो वाळूच्या दांड्यामागच्या संथ पाण्याकडे. तिथे छोटा मासा जमतो, म्हणून पॉरपॉइज तिथेच येतात, म्हणाले. थोड्या वेळाने खरंच काळसर पाठी वर आल्या. पाठीवर पर नसतो, त्यामुळे लक्ष नसेल तर दिसतही नाहीत. पूर्वी ते दिसले की आम्ही तिथेच जाळं टाकायचो, असंही त्यांनी सांगितलं. पुढे बारीक आसाची (बारीक भोकांची) जाळी आली, विजेचा शॉक देऊन मासे मारणारे आले, आणि शेवटी बोटाएवढी पिल्लंच मिळायला लागली.

पॉरपॉइज खातात त्यात मांदेलीच्याच कुळातला एक मासा आहे. समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा त्याचा भाऊबंद इतका पकडला गेला, की त्याचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. त्यात धरणं झाली, बहुतेक तळी नदीपासून तोडली गेली. मोठ्यांपैकी पोयांग आणि दोंगतिंग तेवढी जोडलेली राहिली. पिल्लं वाढायची जागाच आटली.

2006 मध्ये पॉरपॉइज साधारण 1800 होते, 2012 मध्ये 1045, 2017 मध्ये 1012. 2022 च्या गणनेत 1249. इतकी वर्षं उतरणारा आकडा पहिल्यांदाच चढला.

माझा चुलतभाऊ मला अजून सुनावतो, "ह्ये डॉल्फिन आमचो मासो खातत, आणि तू त्यांची बाजू घेतंस?" त्याची पर्ससीन बोट आहे, म्हणजे माशांचा अख्खा थवा जाळ्याने वेढून उचलणारी. त्याला माझं उत्तर तेच आहे: डॉल्फिन आणि पॉरपॉइज आपल्या किनाऱ्यावर हजारो वर्षं मासे खातायत, तेव्हा रापणीला मासा मिळत होता. तो मिळेनासा झाला पर्ससीनवाल्यांनी आणि एलईडीचे दिवे लावून मासा ओढणाऱ्यांनी रात्री समुद्र उपसायला घेतल्यावर. जून-जुलैची बंदी संपली की त्याच पिल्लांवर तुटून पडायचं असेल तर त्या बंदीचा उपयोग काय?

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पॉरपॉइजच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, त्यामुळे बंदीनंतर दीड-दोन वर्षांत झालेल्या गणनेतली सगळी वाढ बंदीच्या नावावर मांडू नका. 332 संरक्षित क्षेत्रांत बंदी 2020 पासूनच होती, तेही धरा. आणि बंदीने नुसते मासे वाढले नाहीत, जाळ्यात आणि गळांत अडकून मरणंही कमी झालं. या दोन्हींचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे. शिवाय आपल्याकडे दहा वर्षं समुद्र बंद करा असं मी म्हणत नाही, रापणकर उपाशी मरेल. एलईडी आणि बारीक आस आधी बंद करा, आणि त्याची सुरुवात चुलतभावाच्या बोटीपासून झाली तरी मला चालेल.