चित्रात चूक काढली की पोरगी चित्रच सोडून देते, काय करायचं?

हा प्रश्न मला आईवडील खूपदा विचारतात, त्यातही ज्यांची मुलं टॅबवर चित्रं काढायला नुकतीच लागलीयेत ते जास्त. उत्तर एका केसमधूनच सांगते. मुलीची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बीएस्सी फर्स्ट इयरची मुलगी, घर नागपुरात महालकडे, आई घेऊन आली होती. आईचं म्हणणं, "मॅडम, आधी दिवसभर त्या टॅबलेटवर काही ना काही काढत राहायची, आता हातच नाही लावून राहिली. विचारलं तर म्हणते मला काही येत नाही. काहून असं म्हणते, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड आहे न हिला!" मुलगी ओढणीचं टोक गुंडाळत गप्प बसलेली.

मी आधी झोप, जेवण, कॉलेज, मैत्रिणी हे सगळं विचारून घेतलं, कारण सगळ्यातूनच मन उडालं असेल तर तो प्रश्न चित्रांचा राहत नाही, तेव्हा वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं किंवा निदान सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला 14416 वर फोन करायचा. हिचं बाकी ठीक चाललं होतं, गाडी अडली होती ती चित्रापाशीच.

झालं असं की तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिनं मारबतची, म्हणजे मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक पाहिली आणि पिवळ्या मारबतचं चित्र काढायला घेतलं, इतवारीतली गर्दी, दुकानांचे बोर्ड, मधून येणारी ती भली मोठी पिवळी मारबत. बरेच दिवस खपून पूर्ण केलं आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं. मावशी, आत्या, काका, सगळ्यांचे अंगठे आणि "वा छान". आणि मग मोठ्या बाबांचा मुलगा, जो पुण्याला गेमच्या कंपनीत आर्टिस्ट आहे, त्याचा हा एवढा लांब मेसेज. पर्स्पेक्टिव्ह चुकलंय, हात चुकलेत, उजेड एकीकडून आणि सावल्या तिसरीकडेच, सगळीकडे सॉफ्ट ब्रश फिरवल्यामुळे कडाच राहिल्या नाहीत, कॅनव्हास लहान घेतलाय, A4 ला 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, प्रिंट काढायची तर 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात, असं करत दहा-बारा मुद्दे, आणि शेवटी "तुझं बेसिकच कच्चं आहे, आधी ते कर."

आता दादा दुष्ट नाही बरं. त्यानं रात्री जागून तो मेसेज लिहिला होता, ज्याला काळजी नसते तो अंगठा देऊन मोकळा होतो. पण ती त्या रात्री खूप रडली आणि तेव्हापासून टॅबलेट कपाटात.

मी तिला एक साधं काम दिलं. तो मेसेज वाक्यावाक्याने वहीत उतरवायचा, पानाच्या डाव्या बाजूला चित्राबद्दलची वाक्यं आणि उजव्या बाजूला तिच्याबद्दलची. डावी बाजू भरून गेली, उजवीकडे एकच वाक्य आलं, ते बेसिकवालं. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली, कारण तिच्या डोक्यात तो सगळाच मेसेज उजव्या बाजूचा झाला होता, हात चुकलेत म्हणजे मी चुकले, सावली चुकली म्हणजे मी चुकले.

हे तिचंच होतं असं नाही. 1996 मध्ये क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी फीडबॅकवरच्या प्रयोगांचे सहाशेवर निकाल एकत्र करून तपासले, तर सरासरीत फायदा दिसला पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक मिळाल्यावर काम आधीपेक्षा खालावलं होतं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की नुकसान होतं. हे कौतुकालाही लागू आहे, म्हणून "वा छान" आणि "तू तर आमची आर्टिस्ट" यातून तिला काहीच मिळालं नव्हतं.

आणि ती ए ग्रेड. म्यूलर आणि ड्वेक यांनी 1998 मध्ये दाखवलं की ज्या मुलांना हुशार म्हणून शाबासकी दिली ती पुढे अपयश आल्यावर मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेल्या मुलांपेक्षा लवकर ढेपाळली. ही लहानपणापासून घरातली "चित्रकलेत हुशार". पण कागदावरची सवय टॅबलेटवर जशीच्या तशी चालत नाही, तिच्याकडे स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट आहे, म्हणजे हात खाली टेबलावर फिरतो आणि रेघ समोर लॅपटॉपवर उमटते, सुरुवातीला साधा गोल काढतानाही हात भरकटतो. इथे ती नवशिकीच होती आणि हे तिला कोणी म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं तेव्हा तिला वाईट वाटायच्या ऐवजी हायसं वाटलं.

मग आम्ही प्रश्न विचारायला शिकलो. चित्र नुसतं टाकून "कसं वाटलं?" म्हटलं की समोरचा एकतर छान म्हणतो नाहीतर सगळ्याच चुका काढतो, त्याला तरी काय कळणार तुम्हाला काय हवंय. त्यापेक्षा चित्र अर्धं असतानाच, म्हणजे बदल करायला जीवावर येणार नाही तेव्हाच, एक नेमका प्रश्न घेऊन जायचं. चित्र न कळणाऱ्यालाही विचारता येतो असा एक प्रश्न मला फार आवडतो, "तुला आधी काय दिसलं?" तिनं तिथल्या तिथे आईला मारबतचं चित्र दाखवून विचारलं. आई म्हणाली, "हा दुकानाचा बोर्ड." मारबत नाही, बोर्ड! मुलगी ताडकन ताठ बसली.

पुढच्या वेळी दादाला बोलावलं, तो दिवाळीत नागपूरलाच आला होता. तो म्हणाला, "मॅडम, खोटं खोटं छान म्हणू का मग?" अजिबात नाही, मी म्हटलं, पण एका वेळी एकच गोष्ट सांग, जी तिला पुढच्याच बैठकीत सुधारता येईल, आणि तीही तिनं विचारलेली. तिनं बोर्डाचं विचारलं. तो तिच्या चित्रावर काहीतरी करायला गेला, मग थांबून म्हणाला, "वर एक लेयर घेऊ का?" लेयर म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, खालचं चित्र तसंच राहतं. विचारलं हे महत्त्वाचं, न विचारता दुसऱ्याच्या चित्रावर रंगवलेलं बऱ्याच जणांना आवडत नाही. त्यानं सगळ्यात वर एक लेयर घेऊन पूर्ण काळ्या रंगानं भरला, त्या लेयरचा ब्लेंड मोड (थर खालच्या चित्रात कसा मिसळायचा ते) "कलर" हा निवडला, आणि चित्र ब्लॅक अँड व्हाइट झालं. मारबत गायब! पिवळा मुळातच उजळ रंग, मागच्या भिंती आणि आकाशही तेवढंच उजळ, त्यामुळे सगळं एकाच करड्यात मिसळलं होतं आणि गडद अक्षरांचा तो बोर्ड तेवढा उठून दिसत होता. कोणाचं बेसिक कसं आहे यावर एक शब्द न बोलता तिला कळलं काय करायचं ते. तिनं मागच्या भिंती आणि गर्दी गडद केली, बोर्डाची अक्षरं फिकी केली.

जाताना दादानं विचारलं की उद्या ही कामाला लागली तर तिथे कोण असं जपून बोलणार आहे. बरोबर आहे, पण तिथे जायच्या आधी हात बसायला हवा, आणि हात बसायला चित्र काढत राहायला हवं.

फॅमिली ग्रुपवर ती अजूनही चित्रं टाकत नाही आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, कोणाला दाखवायचं हे तिनं ठरवावं. मध्यंतरी तिनं दादाला नवीन चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, यावेळी सगळं सांग. त्यानं आधी फोन करून खात्री केली आणि मग यादी पाठवली. त्यातले तीन मुद्दे तिनं घेतले, दोन पटले नाहीत, ते का पटले नाहीत हे तिनं त्याला लिहून कळवलं.