दोन वर्षं आगीच्या दिवसापासून धरा

जुन्नर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. 2011 चं पिकअप, रात्री टोमॅटो भरून माळशेज घाटातून कल्याण-वाशीकडे जाण्याचा धंदा. जुन्या गाडीला ऑटोमॅटिक हेडलाइट नव्हते म्हणून त्यांनी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सेन्सर आणि मॉड्यूल बसवून घेतलं. अंधार पडला की दिवे आपोआप लागायचे. चार महिन्यांनी अंगणात उभ्या असलेल्या गाडीला पहाटे आग लागली आणि केबिनसकट इंजिन जळालं. फुल्ल इन्शुरन्स होता. चार महिन्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा (गाडीत बदल करण्यावर बंधन घालणाऱ्या) भंग करून विद्युत यंत्रणेत अनधिकृत बदल केला, सबब दावा नामंजूर. वाचक विचारतात, लाइट बसवणं बेकायदा होतं का, कंपनीला आधी वकिलाची नोटीस पाठवू का. आणि शेवटी लिहितात, 'पत्राला दोन वर्षं व्हायला अजून पाच महिने आहेत, तोवर एजंट काहीतरी करतो म्हणतोय.'

कुणी एलईडी बार लावलेला असतो, कुणी म्युझिक सिस्टिम, कुणी हॉर्न. वस्तू बदलते, कंपनीचं पत्र तेच येतं आणि वाचकाचा प्रश्नही तोच असतो: बदल कायदेशीर होता का? त्याचं उत्तर खाली देतो. पण तुमचं ते शेवटचं वाक्य वाचल्यावर मला तो प्रश्न दुय्यम वाटला. तुमच्याकडे पाच महिने आहेत असं समजून चालू नका. आग लागून 23 महिने होत आले आहेत. हातात काही आठवडेच आहेत असं धरा.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 69 सांगतं की तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. हे कारण घडलं कधी? तुम्ही, आणि तुमच्यासारखे बहुतेक जण, नकाराच्या पत्रापासून मोजता. ते स्वाभाविक आहे आणि तशी मोजणी मान्य करणारे आदेशही ग्राहक आयोगांनी, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायमंचांनी, दिले आहेत. पण सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये कंदिमल्ला राघवैया विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या खटल्यात, तंबाखूच्या गोदामाला लागलेल्या आगीच्या दाव्यात, आगीच्या विम्यापुरतं स्पष्ट म्हटलं की कारण आग लागली त्या दिवशी घडतं. त्या खटल्यातली आग 1988 ची आणि तक्रार कित्येक वर्षांनंतरची होती. तुमची गोष्ट तेवढी टोकाची नाही, हे मी तुमच्या बाजूने मांडेन. पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो निकाल टेबलावर ठेवेल, हेही मला माहीत आहे. सुरक्षित तारीख एकच आहे, आगीची. त्या तारखेला दोन वर्षं पूर्ण होण्याआधी तक्रार दाखल करा, म्हणजे हा वादच उरणार नाही.

कंपनीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तर आयोग तो सोडून देईल, या आशेवर राहू नका. मुदत आयोगाने स्वतःहून तपासायची असते. स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या 2009 च्याच निकालात ते सांगितलेलं आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं. 'एजंट बघतो म्हणाला' हे कारण मी आयोगासमोर अनेकदा मांडून पाहिलं आहे. ते फार क्वचित चालतं.

मला राग येतो तो इथे. नकाराचं पत्र हातात पडल्यावर दीड वर्ष तुम्ही एजंटला व्हॉट्सॲप करत राहिलात. पॉलिसी विकणं हे एजंटचं काम. नाकारलेला दावा मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. त्याला केलेल्या मेसेजने मुदत एक दिवसही वाढत नाही. कंपनीला थेट पाठवलेल्या स्मरणपत्रांनीही ती वाढत नाही. याच काळात विमा लोकपालाचा, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा, मार्ग तुमच्या हातून जवळजवळ निसटला. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि काम पुष्कळ लवकर होतं. फक्त कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करून, ती फेटाळल्यापासून किंवा महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्यानंतर एका वर्षात जायचं असतं. तुम्ही त्या विभागाला कधी लेखी तक्रार केली असेल, तर तिची तारीख मला लगेच कळवा. त्यावरून काही वाचतं का ते बघता येईल. नसेल, तर तो नाद आता सोडा.

वकिलाच्या नोटिशीचं उत्तरही यातच आलं. ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस देणं बंधनकारक नाही. नोटीस, मग पंधरा दिवसांची वाट, मग कंपनीचं 'आम्ही विचार करत आहोत', एवढ्यात तुमचा महिना जाईल. थेट तक्रार दाखल करा. तुम्ही जुन्नरमध्ये राहता, म्हणून पुणे जिल्ह्यातल्या आयोगात करता येते; कंपनीचं मुख्य कार्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. फी ठरते ती दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे तुमच्या बाबतीत विम्याच्या हप्त्यावर, आणि 5 लाखांपर्यंत ती शून्य आहे. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही भरता येते, पण शेवटच्या दिवशी रात्री अकराला बसून अपलोड करायचा प्रयत्न करू नका. तक्रारीसोबत उशीर माफीचा वेगळा अर्ज आताच जोडा, मुदतीत असलात तरी. त्यात लिहा की तक्रार मुदतीतच आहे आणि आयोगाला तसं वाटलं नाही तर उशीर माफ व्हावा.

कंपनी पॉलिसीतल्या आणखी एका अटीकडे बोट दाखवेल: नकारानंतर 12 महिन्यांत दावा न्यायालयात नेला नाही तर तो सोडून दिला असं समजलं जाईल. ही अट छापील पॉलिसीत वर्षानुवर्षं आहे. करार कायद्याचं कलम 28, 1997 च्या दुरुस्तीनंतर, ठरावीक मुदत उलटताच हक्कच संपवणारी अट रद्दबातल ठरवतं. त्यावर तुमची बाजू बळकट आहे असं माझं मत आहे. निकाल कसा लागेल याची हमी मी देत नाही.

आता कलम 52. त्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे आणि कंपनीचं पत्र लिहिणाऱ्याने ते वाचलेलं दिसत नाही. 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ स्वरूपच बदलतं. चेसिस लांबवणं, मालवाहू गाडीची प्रवासी गाडी करणं, इंजिन बदलणं हे त्यात येतं. डॅशबोर्डवर नखाएवढा सेन्सर आणि बॉनेटखाली एक मॉड्यूल, याने पिकअपचं काय बदललं? कंपनी जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा के. जयचंद्र निकाल दाखवेल. तो महत्त्वाचा आहे आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही असं तो म्हणतो. पण तिथेही वाद गाडीच्या रचनेचा होता. आरसीवर हेडलाइट हाताने लावायचे की आपोआप लागायचे, असा रकानाच नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 105 ला हवं आहे ते इतकंच: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने आणि पुरेसा उजेड नसेल तेव्हा दिवे लागलेले असावेत आणि 155 मीटरपर्यंतचं माणूस-वाहन स्पष्ट दिसावं. नियम 106 ला हवं आहे की प्रकाशझोत खाली झुकलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत. बटण कुणी दाबलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दुचाकींना तर 1 एप्रिल 2017 पासून इंजिनाबरोबर आपोआप लागणारे दिवे सरकारनेच सक्तीचे केले. तेव्हा आपोआप लागणारा दिवा हाच गुन्हा, असं म्हणणं टिकणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत आलेलं कलम 182अ बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं, पण तेही परवानगी नसलेल्या बदलापुरतंच.

तुमची कमजोर बाजू कायद्यात नसून वायरिंगमध्ये आहे. पॉलिसीत आग आणि आपोआप पेट घेणं ही दोन्ही जोखीम म्हणून स्पष्ट लिहिलेली आहेत. वगळलेला आहे तो विद्युत बिघाड. शॉर्टसर्किटने वायर जळाली तर त्या वायरचे पैसे नाहीत, पण त्यातून आग लागून गाडी गेली तर ती आगच. ही रेषा मला स्पष्ट वाटते, कंपनी ती पुसायचा प्रयत्न करेल. म्हणून तीन गोष्टी मला माहीत हव्यात. मॉड्यूलला करंट इग्निशनच्या वायरवरून दिला होता की थेट बॅटरीवरून? इग्निशनवरून असेल तर पहाटे चावी बंद असताना त्यात करंटच नव्हता, आणि कंपनीची सगळी कथा तिथेच संपते. थेट बॅटरीवरून असेल, तर मध्ये फ्यूज होता का? आणि बल्ब कोणते होते? मूळ 60/55 वॉटचे दोन बल्ब डिपरवर साधारण 9 अँपिअर ओढतात. घाटासाठी म्हणून 100/90 वॉटचे टाकले असतील तर भार 15 अँपिअरपर्यंत जातो, आणि जुनी बारीक वायर आणि टेप मारलेले जॉइंट तापतात. हे खरं असेल तर मला आधी सांगा, आयोगासमोर कळायला नको.

इलेक्ट्रिशियनचं बिल तुम्ही घेतलं नाही. त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या, त्यात जोडणी कशी केली ते त्याच्याच शब्दांत येऊ द्या. अग्निशमन दलाचा दाखला, पंचनामा, आगीआधीचा केबिनचा एखादा फोटो, किटची यूपीआय पावती, जे असेल ते. सेन्सर बसवल्यानंतर गाडीचं पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) झालं असेल तर तो कागद सर्वात वर ठेवा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं; ते त्या चार महिन्यांत झालं असेल, तर आरटीओच्या निरीक्षकाने ती गाडी त्या सेन्सरसकट पाहिली. आगीच्या दिवशी पासिंग चालू होतं असं मी धरून चाललो आहे. नसेल तर प्रकरण अवघड होतं.

नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरचा अहवाल कंपनीकडे लेखी मागा; दिला नाही तर आयोगामार्फत मागवता येईल. आग मॉड्यूलपासूनच सुरू झाली असं त्यात कशाच्या आधारावर लिहिलंय ते पाहायचं आहे. दावा पॉलिसीतून वगळलेला आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे, तुमची नाही. शिवाय नकाराच्या पत्रात जे कारण दिलं तेवढंच तिला मांडता येतं. ओव्हरलोड, देखभाल वगैरे नवी कारणं आता काढली तर हरकत घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या गलाडा पॉवर खटल्यातल्या 2016 च्या निकालाचा आधार आहे. गाडी धंद्याची होती म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, हाही आक्षेप येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या हर्सोलिया मोटर्स खटल्यातल्या 2023 च्या निकालानंतर त्यात फारसा दम राहिलेला नाही.

पूर्ण रक्कम मिळेलच असं मी म्हणत नाही. अटीचा काही भंग झाला असं आयोगाला वाटलं, पण तो मूळ स्वरूपाचा नसला, तर 75 टक्क्यांपर्यंत 'नॉन-स्टँडर्ड' तडजोडीचा मार्ग असतो. तसा प्रस्ताव आला तर झिडकारू नका. सेन्सर आणि मॉड्यूलची किंमत मागू नका. वेगळा हप्ता भरून ते पॉलिसीत नोंदवलेले नव्हते. ज्यांना आता असे दिवे बसवायचे आहेत त्यांनी ही नोंद करून घ्यावी, वायर न कापता कपलरने जोडलं जाणारं किट आणि फ्यूज घ्यावा, पक्कं बिल घ्यावं.

कायदा म्हणतो तपासणी लागत नसेल तर तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी, लागत असेल तर पाच. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं जातात. सदस्यांच्या जागा रिकाम्या, बोर्डावर शंभर प्रकरणं, तारखेमागून तारीख. ज्या व्यवस्थेला स्वतःची मुदत पाळता येत नाही तिने शेतकऱ्याच्या एका दिवसाच्या उशिरावर दार बंद करावं, हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते आयोगासमोरही बोललो आहे. कंपनीला मात्र एका बाबतीत सूट नाही. लेखी उत्तर 30 दिवसांत आणि फार तर आणखी 15 दिवसांत द्यावं लागतं; 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यापलीकडे एक दिवसही नाही असं ठरवलं. सेहेचाळिसाव्या दिवशी उत्तर आलं तर ते नोंदीवर घेऊ नये असा अर्ज द्या.

एक राहिलं. सर्व्हे झाल्यावर जळका सांगाडा तुम्ही भंगारवाल्याला दिलात, पण आरसी अजून तुमच्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार गाडी नष्ट झाल्याचं 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं. भंगारवाल्याची पावती आणि चेसिस नंबरचा तुकडा मिळाला तर तो घेऊन तक्रार दाखल झाल्यावर लगेच आरटीओत जा, आणि त्या अर्जाची पोच मला पाठवा. सांगाड्याचे किती पैसे आले तेही कळवा, कारण तेवढी रक्कम दाव्यातून वजा होईल.